मान नको, पान द्या

ताई,

मी एका मराठी दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत मुख्य उपसंपादक आहे. चौदा वर्षं झाली. राहते डोंबिवलीला. जानेवारीत आमचे रात्रपाळीचे वृत्तसंपादक दुसरीकडे गेले, तेव्हापासून पहिलं पान मीच सोडते, म्हणजे शेवटचा हात फिरवून छपाईला पाठवते. कागदोपत्री मात्र होते तिथेच. गेल्या आठवड्यात संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता होणार. तर म्हणाले, "महिला पुरवणी तू घे. दिवसाची ड्युटी, सातच्या आत घरात. मुलगी लहान आहे, तुझ्याच सोयीचं बघतोय." वृत्तसंपादक म्हणून माझ्याहून चार वर्षांनी ज्युनियर असलेल्या मुलाचं नाव कानावर येतंय. मुलगा चांगला आहे. पान लावायला मीच शिकवलंय त्याला.

दुसरं म्हणजे, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी ऑफिसची जी अंतर्गत समिती असते, तिचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात घालायचं चाललंय. "मुली तुझ्याशी मोकळेपणाने बोलतात," असं एचआरचं म्हणणं. बोलतात हे खरं. रिपोर्टिंगच्या दोघी आणि एक इंटर्न रात्री माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहतात. इंटर्नचं प्रकरण एका सीनियरबद्दल आहे, जास्त लिहीत नाही. पण मी कुणाची बाजू घेतली की मागून ऐकू येतं, "झालं हिचं महिला मंडळ सुरू." परवा एका बातमीचं हेडिंग बदललं, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

नवरा म्हणतो, पुरवणी घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, तू ठरव, मी आहे. लेक नऊ वर्षांची, ती विचारते, "आई, तुझं नाव पेपरात कुठे असतं?" काय करू?

(नाव छापू नये), डोंबिवली

---

मला ताई म्हटलंस, तेव्हा अगं-तुगंच करते.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या संपादकांचा राग आला. दुसऱ्यांदा माझा स्वतःचाच आला, कारण आज तुला जी पुरवणी देतायत ती मी घेतली होती. चांगली नऊ वर्षं सांभाळली.

त्याच्या आधीचं थोडं सांगते. मी फोर्टातल्या एका दैनिकात ८६ साली लागले. नाव सांगत नाही. तिथे एक नियम होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता: बाईला रात्रपाळी नाही. दुसरा नियमही न लिहिलेलाच: रात्रपाळी न केलेल्याला वृत्तसंपादक करायचं नाही. दोन्ही वेगवेगळे ऐकले तर समजूतदार वाटतात. एकत्र केले की कुणी काही वाईट न बोलता, कुणाचा आवाजही न चढता, वृत्तसंपादकाच्या खुर्चीत बाई कधीच येत नाही. केईएमच्या नर्सबाई रात्रभर ड्युटी करायच्या, त्यांच्याबद्दल कुणाला काळजी वाटायची नाही. आमच्याबद्दलच वाटायची.

मी अर्ज दिला. संपादक भला माणूस होता, हो म्हणाला. मग कळलं की आमच्या मजल्यावर बायकांचं टॉयलेटच नाही. होतं ते दोन मजले वर, आणि त्याची किल्ली दिवसाच्या शिपायाकडे, जो सहाला घरी जायचा. तीन रात्री मी चहा न पिता काढल्या. चौथ्या दिवशी व्हीटीबाहेरच्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट करून घेतली, चार रुपयांत. ती चावी अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मजला, इमारत, दैनिक, यातलं आता काहीच तिथे नाही.

रात्रपाळी केली, पान लावलं. तेव्हा ब्रोमाइडचे, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटोकागदाचे, तुकडे कटरने कापून चिकटवायचे, हाताला दोन दिवस गोंदाचा वास. आणि मग मुलगा झाल्यावर तेच झालं जे तुझ्या केबिनमध्ये परवा झालं. "पुरवणी घे, तुझ्याच सोयीचं बघतोय." अगदी हेच शब्द. तीसेक वर्षांत हे वाक्य कुणी साधं सुधारूनही घेतलं नाही, याचं मला एक उपसंपादक म्हणून वाईट वाटतं.

आता पुरवणीला नाक मुरडू नकोस, मीही मुरडत नाही. विद्या बाळांनी 'स्त्री' मासिकाचं संपादन केलं, पुढे ऑगस्ट १९८९ मध्ये पुण्यातून 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं, आणि बायकांसाठीच्या छापील पानावर पाककृती आणि मेंदीच्या पलीकडे काय काय मावतं ते महाराष्ट्राला दाखवलं. पण तिथे संपादक त्या होत्या. कुठला लेख राहणार, कुठला जाणार, हे त्या ठरवत. माझ्या पुरवणीचं तसं नव्हतं. अंकात काय जाणार हे ठरवणाऱ्या संध्याकाळी सहाच्या बैठकीला मला बोलावणं नसायचं, कारण 'तुझं पान तर आधीच गेलेलं असतं ना.' सोन्याच्या दुकानाची जाहिरात आली की माझं अर्धं पान उडायचं. दर ८ मार्चला मात्र शाल, श्रीफळ आणि मालकांच्या हस्ते फुलांचा गुच्छ. नऊ वर्षांत माझ्याकडे शालीच आठ जमल्या. नववं वर्ष कोरडं गेलं, त्या वर्षी कॉस्ट कटिंग होतं.

आणि २६ जुलै २००५. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे आम्ही फोर्टात बसलेलो, खिडकीबाहेर नेहमीसारखा पाऊस, आणि उपनगरं बुडतायत याचा पत्ताच नाही. गाड्या बंद, रात्रीचे लोक दादरच्या पुढे कुणी पोचू शकले नाहीत. कलिन्याहून माझ्या बहिणीचा फोन लागला तेव्हा ती म्हणाली, "तळमजल्यावरची माणसं आमच्या घरात आहेत, पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर आलंय." आणि लाइन गेली. त्या सातव्या पायरीवरून मी ठरवलं की पहिल्या पानावर आज दुसरं काही नाही. राजकीय लीड, म्हणजे पानावरची मुख्य बातमी, काढून टाकली. मी, एक स्पोर्ट्सचा मुलगा आणि एक प्रूफरीडर, तिघांनी अंक काढला. दुसऱ्या दिवशी संपादक सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई होत्या म्हणून अंक निघाला." टाळ्या वाजल्या. आठवड्याने मी माझ्या पुरवणीत पावसाळ्यातली केसांची निगा लावत होते.

मी कुणावर चिडले नाही, हीच चूक. मला वाटलं, बघितलंय सगळ्यांनी, आता आपणहून देतील. कोण देतं गं आपणहून?

तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ बढतीची नाही, हेडिंगची आहे. तू ती अशीच जाता जाता लिहिलीस. मी तुझ्याकडून मेल करून मागवून घेतलं, तू पाठवलंस. रिपोर्टरने दिलेलं हेडिंग होतं, 'रात्री दोन वाजता पार्टीहून परतणाऱ्या तरुणीचा रिक्षात विनयभंग.' तू केलंस, 'रिक्षात तरुणीचा विनयभंग, चालकाला अटक.' आणि मजकुरातलं तिच्या इमारतीचं नाव काढलंस. एवढंच.

हे एवढंच नाहीये. पहिल्या हेडिंगात आरोपी नाहीच. सगळी ओळ त्या पोरीची झडती घेते: किती वाजता, कुठून, कशाला. तुझ्या हेडिंगात रिक्षावाला पकडला गेला. पाच शब्द तू उडवलेस आणि सकाळी चहासोबत ते वाचणाऱ्या लाखभर घरांतलं बोलणं थोडं बदललं असेल. निदान आईने मुलीला "बघ, म्हणून सांगत होते" असं म्हणण्याची एक संधी कमी झाली. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हाच आहे. विनयभंगाला ते कलम लागत नाही, म्हणून रिपोर्टर तुझ्याशी भांडला असणार. पण इमारत छापली तर उद्या त्या वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळे तिच्याकडे कसे बघतील, हे कळायला कलम कशाला हवं?

माझं म्हणणं सगळं यात आहे. हे हेडिंग तू बदलू शकलीस, कारण त्या रात्री पान तुझ्या हातात होतं. पुरवणीत गेलीस की तू त्यावर दोन महिन्यांनी एक सुंदर लेख लिहिशील, 'माध्यमांची भाषा आणि स्त्री' वगैरे, आणि त्याच रात्री पहिल्या पानावर दुसरं 'पार्टीहून परतणारी' गेलेलं असेल. बायकांच्या बाजूने बोलणं आणि निर्णयाच्या खुर्चीत बसणं, या दोन वेगळ्या नोकऱ्या असल्यासारखं तुला दाखवतायत. खुर्ची नसताना बाजू घेणं म्हणजे बिनपगारी ओव्हरटाइम. थकतेस तू, आणि महिला मंडळ म्हणून हसतात दुसरे.

बाई दिसते म्हणजे बाई ठरवते, असंही नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील बातम्या द्यायच्या. घराघरात ते चेहरे माहीत. आजही कुठलंही चॅनल लाव, अँकर बहुतेक वेळा बाई. तिच्या कानातल्या इअरपीसमध्ये कोण बोलतं, बातम्यांचा क्रम म्हणजे रनडाऊन कोण लावतं, ते विचार. उत्तर बदलतंय, पण बेताबेतानेच. दर पाच वर्षांनी जगभर एक दिवस ठरवून बातम्या मोजतात, ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट म्हणून. बातमीत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांमध्ये बायका १९९५ साली १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५. पंचवीस वर्षांत आठ टक्के. संपादकांना हे ऐकवू नकोस, जांभई देतील. तू आपल्या पहिल्या पानावर एक आठवडा मोज: किती बातम्यांत बाईचं म्हणणं अवतरणात आहे, आणि त्यातल्या किती जणी कुणाच्या तरी आई, पत्नी किंवा मृतदेह म्हणून आल्यात. जे हाती लागेल ते स्वतःजवळ ठेव. उद्या खुर्ची मिळाली की कामाला येईल.

आता करायचं काय.

संपादकांना लेखी दे. तोंडी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नाही, मेल कर आणि त्याची प्रत एचआरला. 'विनंती', 'कृपया विचार व्हावा', 'संधी मिळाल्यास आभारी राहीन' हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं सगळं गाळ. जानेवारीपासून किती रात्री पान तू सोडलंस त्याचा आकडा लिही. सिस्टीममध्ये पान सोडल्याची वेळ नोंदलेली असते, ती काढून घे. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती किती वेळा उशिरा गेली तेही लिही, आणि गेली नसेल तर तेही. बातमी चुकली, पान उशिरा गेलं, असं एखादं तुझ्या खात्यावर असेल तर ते लपवू नकोस, त्यांना माहीत असतंच. मग एका ओळीत: 'हे काम मी वृत्तसंपादक म्हणून करत आहे, पदनाम व त्या पदाचं वेतन या तारखेपासून द्यावं.' तारीख घाल. वेतनाचा आकडाही घाल, गोल गोल बोलू नकोस. जे गेले त्यांना किती होता, हे तुला ठाऊक नसेल तर शोध. आपल्या बायकांना शेजारच्या टेबलावरच्याचा पगार विचारायची लाज वाटते, त्याला तिचा पगार माहीत असतो.

केबिनमध्ये परत बोलावतील. मुलगी लहान आहे, हे परत काढतील. तिथे घरचं काहीही सांगत बसू नकोस. सासूबाई आहेत, नवरा बघतो, शेजारी चांगले आहेत, यातलं काही नाही. तो मुलगा, ज्याचं नाव चाललंय, त्यालाही लहान मूल असेल कदाचित. त्याच्या सासूची तब्येत कुणी विचारली? तू एवढंच म्हण, "सर, घरचं मी बघते. आपण पानाचं बोलू." आणि गप्प बस. गप्प बसणं सगळ्यात कठीण जाईल. ती शांतता तू भरू नकोस, त्यांना भरू दे.

घरी कशी जातेस, हे तू लिहिलं नाहीस. एकला पान सोडून शेवटची लोकल गाठायची धावपळ असेल, किंवा ऑफिसची गाडी ठाण्यापर्यंतच येत असेल. हे 'अडचण' म्हणून सांगू नकोस, 'व्यवस्था' म्हणून माग. रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने कामावर ठेवायचं, आणि ठेवलं तर सुरक्षेची आणि घरापर्यंत पोचवायची जबाबदारी मालकाची, हे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. उपकार नाहीत ते. आणि संमती तुझी लागते, संपादकांची नाही. तुझ्या काळजीपोटी तुझ्या वतीने नकार देण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला नाही.

मेल पाठवायच्या आधी एक कर. त्या मुलाला खाली टपरीवर घेऊन जा, कटिंग पाज आणि स्वतः सांग की मी या पदासाठी लेखी मागणी करतेय. तू शिकवलंयस त्याला, दुसऱ्याकडून कळलं तर विष होईल. तो काय म्हणेल माहीत नाही. माझ्या वेळी मी हे केलं नाही, आणि माझ्या जागी आलेला मुलगा वीस वर्षं मला टाळत राहिला. खरं तर त्याची काहीच चूक नव्हती.

नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. तेव्हा पुरवणीचा विचार कर, पण विकत घेतल्यासारखा. पदनाम फीचर संपादक, थेट संपादकांच्या हाताखाली, सहाच्या बैठकीला खुर्ची, बाहेरच्या लेखकांना मानधन द्यायला ठरलेलं बजेट, आणि जाहिरातीसाठी पान कापायचं तर तुला विचारून. यातलं बैठकीचं सोडून बाकी एखाद्यात मागेपुढे होऊ शकतं. बैठक नाही तर पुरवणी नाही. आणि नवरा 'घेऊन टाक' म्हणतो त्याला वाईट म्हणू नकोस. रात्री दीडला दार उघडणाऱ्या माणसालाही झोप हवी असते. फक्त त्याला विचार, हीच बढती त्याला मिळाली असती तर तो काय म्हणाला असता. भांडण म्हणून नाही, जेवताना सहज.

ऑफिसबाहेरच्या बायकांशी बोलायला लाग. डेस्कवरची माणसं या बाबतीत आळशी, रिपोर्टर तरी आझाद मैदानाजवळ प्रेस क्लबात किंवा पत्रकार संघात भेटतात. आपण रात्री एकला सुटतो, तेव्हा भेटायचं कुणाला! पण नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया म्हणून माध्यमांतल्या बायकांचं देशभराचं जाळं २००२ पासून आहे, मुंबईतल्या पुष्कळ जणी त्यात आहेत. त्यांच्यात अशी एखादी तरी भेटेल जिने हाच मेल तुझ्याआधी लिहिलाय. तिचा मसुदा माग. माझ्यापेक्षा तिचा चांगला असेल.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला फार वेळ सुचेना. डेस्कवरच्या माणसाचं नाव पेपरात नसतं, हे नऊ वर्षांच्या पोरीला पटणार नाही, आणि का पटावं? तिला होमाई व्यारावालांची गोष्ट सांग. देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, ते मात्र त्यांच्याच नावाने. तानुबाई बिर्जेंचंही सांग. सत्यशोधक चळवळीचं 'दीनबंधू' नवऱ्याच्या मागे त्यांनी चालवलं, संपादक म्हणून, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. तेव्हा बाईने वर्तमानपत्र वाचणंही पुष्कळ घरांत खपत नव्हतं. पत्रकारितेच्या किती वर्गांत हे नाव घेतलं जातं, विचारून बघ. आणि मग तिला तुमच्या अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांतली ती ओळ दाखव, मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाच्या नावाची. भिंग घेऊन वाचू दे तिला.

समितीचं शेवटी लिहितेय, पण करायचं ते सगळ्यात आधी.

अध्यक्षपद घे. पण ते वृत्तसंपादकपदाच्या बदल्यात नाही, हे मेलमध्ये स्वतंत्र परिच्छेदात लिही, नाहीतर 'एवढी मोठी जबाबदारी दिलीय की' म्हणून तुझी बोळवण होईल. आठ शालींवर नववी. ही समिती कुणाच्या मर्जीने आलेली नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवी, गावात बालविवाह रोखायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला; त्या प्रकरणानंतर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला, त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, संस्थेतला नाही. बघ, कायदाच 'वरिष्ठ पदावरची' म्हणतोय. तुला अध्यक्ष करताना त्यांना तू वरिष्ठ वाटतेस आणि वृत्तसंपादक करताना लहान मुलीची आई, हे त्यांना एकदा शांतपणे दाखवून दे.

पण एक अडचण आहे, तिचा विचार तू केलेला दिसत नाही. खुर्चीमागे येऊन उभ्या राहणाऱ्या मुलींची तू आज मोठी बहीण आहेस. अध्यक्ष झालीस की तू चौकशी करणारी. दोन्ही बाजू ऐकायच्या, कागद तपासायचे, आणि आत जे ऐकलं ते बाहेर कुठे बोलायचं नाही. गुप्तता कायद्यानेच बंधनकारक आहे. 'त्याला मी चांगली ओळखते, तो तसलाच' हे तोंडातून गेलं की तक्रार तिथेच मेली, समोरचा अपिलात जातो आणि पहिला मुद्दा हाच. इंटर्नने तुला जर सगळं सांगून झालं असेल आणि तुझं मत बनलं असेल, तर तिच्या प्रकरणापुरती बाजूला हो, दुसऱ्या कुणाला अध्यक्ष बसू दे आणि तू तिच्या सोबत उभी राहा. त्या सीनियरच्या सहीवर तुझी बढती अवलंबून असेल तर नक्कीच बाजूला हो. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्धच निघाली तर ती ऑफिसच्या समितीपुढे येतच नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

ती इंटर्न आहे, पगारही नसेल, म्हणून तिला हा कायदा लागू नाही असं कुणीतरी तिला सांगितलं असेल. खोटं आहे. प्रशिक्षणार्थी, कंत्राटी, बिनपगारी, सगळ्या त्यात येतात. असाइनमेंटवर गेलेली जागा आणि ऑफिसची गाडीसुद्धा 'कामाची जागा' धरली जाते. मुदत मात्र आहे: प्रसंग घडल्यापासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लेखी लागते, आणि तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं कामच आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना तिने मागितलं तर त्याची किंवा तिची बदली होऊ शकते, तिला रजा मिळू शकते. तुझं पद चार महिने लांबलं तर तू चिडशील, पण मरणार नाहीस. तिचे तीन महिने संपले की तिला पुढची प्रत्येक पायरी विनवण्या करत चढावी लागेल. जून-जुलैची इंटर्न असेल ना ती? मग दिवस मोज.

म्हणून उद्या ऑफिसात गेलीस की जागेवर बसायच्या आधी एक बघ. समितीचा आदेश आणि सदस्यांची नावं सगळ्यांना दिसतील अशा जागी लावलेली असायला हवीत, बाहेरच्या सदस्याच्या नावासकट. लिफ्टपाशी बघ, कॅन्टीनच्या भिंतीवर बघ, पंचिंग मशीनजवळ बघ. कागद असेल तर त्यावरची तारीख वाच आणि त्यातली किती माणसं अजून नोकरीत आहेत ते मोज. नसेलच, तर फोनवर त्या रिकाम्या भिंतीचा फोटो काढ, एचआरला मेलला जोड, आणि मग चहा सांग.

— ताई